आरेच्या उतारावरची म्हैस

मिस्त्रींचं लक्ष माणसाच्या बोलण्याकडे कमी आणि इंजिनाकडे जास्त असे. गाडी चालू करायला लावायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग हळूच म्हणायचे, "बेरिंग रडता." जोगेश्वरीत गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. जपानी बनावटीच्या हलक्या मोटरसायकली नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या आणि माझ्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला मागे टाकून सूं करत निघून जात. नवी घेणं मला परवडणारं नव्हतं. मी मिस्त्रींच्या मागे लागलो, "हिचाच पिकअप वाढवून द्या ना."

नवा पार्ट घालणं त्यांच्या जिवावर यायचं. "ताकद आतच असता, ती भायर काढूक व्हयी," म्हणायचे. त्यांनी इंजिनाचं हेड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर तासन्‌तास घासलं. धूर बाहेर पडायची वाट बारीक कानशीनं रुंद केली. भंगार बाजारातून मोठा कार्बोरेटर शोधून आणला. आठवडाभरानं गाडी अशी गरजली की मी उडालोच.

"ब्रेकचे लायनर झिजलेत," ते म्हणाले. "तिका आधी थांबूक शिकवया, मगे धावूक. रविवारी ये."

"एक चक्कर तर मारू या, मिस्त्री! मीच चालवतो, तुम्ही मागे बसा."

"घाई कित्याक करतंस रे?" म्हणाले, पण बसले. माझं मन त्यांना मोडवत नसे.

आरेच्या रस्त्याला लागलो आणि मला भान राहिलं नाही. मागून ते ओरडत होते, "हळू, हळू!" उतारावरच्या वळणावर ब्रेक दाबला तो लागलाच नाही, गाडी घसरून आडवी झाली. मला खरचटलं. मिस्त्रींचा उजवा हात गाडीखाली चिरडला.

हॉस्पिटलात त्यांची बायको, आमच्या वहिनी, धावत आल्या. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "म्हस आडवी इली. ह्याचो काय दोष?" तिथे म्हैस नव्हती. मी मान खाली घातली.

महिन्याभरानं त्यांनी मला गॅरेजवर बोलावलं. हात प्लॅस्टरमध्ये. स्टुलावर बसून एकेक नट सांगत त्यांनी नवे लायनर माझ्याच हातांनी बसवून घेतले. "आता चालव," एवढंच म्हणाले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

प्लॅस्टर निघालं, पण तीन बोटं मिटेनात. कानस धरता येईना. गॅरेज बंद करून दोघं कुडाळकडच्या गावी निघाली. त्यांना पोचवायला मी एसटी स्टँडवर गेलो होतो. म्हैस नव्हतीच हे वहिनींना सांगून टाकायचं, असं घरून ठरवूनच.

वहिनींनी खिडकीतून माझा हात धरला. "तुमी होतात म्हणान वेळेर हॉस्पिटलात न्हेलात. नायतर त्या म्हशीन ह्यांचो जीवच घेतलो असतो."

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सांभाळून जा, वहिनी."

गाडी सुटली.