कंट्रोलरसाहेबांचे अठरा सेकंद

किटलीची क्लिप चौथ्यांदा परत आली तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्यांदा म्हणे, किटलीवर कंपनीचं नाव दिसतंय. तिने घासघासून नाव काढलं. दुसऱ्यांदा म्हणे, चित्र हलतंय. तिने कॅमेऱ्याच्या स्टँडखाली जाडजूड पुस्तकं रचली. तिसऱ्यांदा उजेड कमी पडला. आणि आता चौथ्यांदा तपासणाऱ्याने लिहिलं होतं, 'मागील फळीवरच्या बरणीवर व्यापारचिन्ह असण्याची शक्यता.'

"शक्यता?" ती स्वयंपाकघरात एकटीच ओरडली. "अरे, मिठाची बरणी आहे ती! माझ्या हाताने 'मीठ' लिहिलंय त्यावर!"

तिचं काम काय, हे लोकांना समजावून सांगणं हीच एक डोकेदुखी होती. इमारतीत तिला सगळे शूटिंगबाई म्हणत आणि भेटेल तो विचारी, "मग सिनेमा कधी येतोय?" सिनेमा कुठला! आधी सात वर्षं ती एका स्टुडिओत लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी करत होती. स्टुडिओ बंद पडला, मालकाने जाताना जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला, आणि त्या कॅमेऱ्यावर तिने घरबसल्या हा उद्योग सुरू केला. पंधरा-वीस सेकंदांच्या क्लिपा काढायच्या. काचेवरून ओघळणारं पाणी, कांदा चिरणारे हात, कुलूप उघडणारी किल्ली, असलं काहीबाही. त्या एका एजन्सीच्या साइटवर टाकायच्या. तिथल्या तपासणाऱ्याने पास केल्या की विक्रीला लागतात. जगात कुठेतरी कुणाला जाहिरातीत नाहीतर बातमीत असं दृश्य हवं असतं. तो ते शोधतो आणि वापरायचा परवाना विकत घेतो. क्लिप तिचीच राहते. तीच उद्या दुसरा घेतो, परवा तिसरा.

"म्हणजे एकच छत्री दहा जणांना विकायची," तिचे सासरे म्हणाले होते. "चांगलं आहे. आमच्या वेळी याला वेगळं नाव होतं."

सासरे चौतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सुटली, कोण किती मिनिटं उशिरा आला, सगळं त्यांच्या तक्त्यावर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी अख्ख्या इमारतीला ते कंट्रोलरसाहेबच. घरातही तक्ता चालूच होता, फक्त कागद नव्हता. चहा साडेसहाला म्हणजे साडेसहाला. तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. तो संध्याकाळी दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतून आवाज यायचा, "बारा मिनिटं!"

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तिने कॅमेऱ्यापुढे आणलं नाही असं काही उरलं नव्हतं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाठ काय हवी तेवढी घे. तोंड घेतलंस तर याद राख." राहता राहिले सासरे. आणि चेहरा म्हणाल तर त्यांचाच. पांढऱ्या जाड भुवया, कपाळावर आडव्या आठ्या, खोल डोळे. कॅमेऱ्याला असा चेहरा म्हणजे मेजवानी.

ती महिनाभर मागे लागली तेव्हा कुठे ते तयार झाले. पण आधी संमतिपत्र. चित्रात माणूस दिसला की त्याच्या सहीशिवाय एजन्सी क्लिप घेत नाही. सासऱ्यांनी चष्मा पुसून चारही पानं वाचली.

"'जगभर, कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात,'" ते म्हणाले. "एवढं तर मी डेपोलाही लिहून दिलं नव्हतं."

"बाबा, नेहमीचा मजकूर आहे तो. सगळ्यांना तोच असतो."

"नेहमीचा मजकूरच वाचायचा असतो नीट," असं म्हणत त्यांनी सही केली. सुनेने मागितली म्हणून केली, हे सांगायला विसरले नाहीत.

सकाळच्या उन्हात तिने त्यांना खिडकीशी बसवलं. पण समोरून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून बसगाड्या जात होत्या.

"सत्तावीस नंबर आठ मिनिटं लेट," सासरे म्हणाले.

"बाबा, बोलू नका. नुसतं बाहेर बघा."

"बघतोच आहे. तीसुद्धा रिकामी चाललीय."

असं अर्धा तास चाललं. तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एकदाचे ते गप्प बसले. पुढची बस येईचना, म्हणून मनातल्या मनात चरफडत ते रस्त्याच्या टोकाकडे टक लावून बसले. तेवढे अठरा सेकंद तिला मिळाले. पडद्यावर बघितलं तर त्या चेहऱ्यावर राग कुठेच नव्हता. जन्मभर कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखा दिसत होता तो माणूस.

क्लिप पहिल्या फटक्यात पास झाली. मग शोधशब्द भरायचे. गिऱ्हाईक जे शब्द टाइप करून शोधेल ते आपण आधीच लिहून ठेवायचे, पन्नासपर्यंत. वृद्ध, पुरुष, खिडकी, सकाळ इथपर्यंत सरळ होतं. दहा-बारा शब्दांत गाडी अडली. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, नवरा डबा मागत होता. भावनांचे शब्द लिहिले की क्लिप जास्त खपते, एवढं तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिने भराभर बोटं चालवली आणि रकाना भरून टाकला.

ती क्लिप तिच्या सगळ्या क्लिपांपेक्षा जास्त खपली. ती खूश, नवरा खूश. सासऱ्यांनी विचारलं, "कुणी घेतली?" ती म्हणाली, "ते कळत नाही, बाबा." त्यांना ते अजिबात पटलं नाही.

कळलं ते तीन महिन्यांनी, खालच्या औषधाच्या दुकानात. दुकानदाराने गोळ्यांची पुडी देता देता हात मध्येच थांबवला. "कंट्रोलरसाहेब बरे आहेत ना? म्हणजे... घरात सगळं ठीक?" आणि त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

एका वृत्तवाहिनीचा कार्यक्रम होता. 'पोटच्या पोरांनी वाऱ्यावर सोडलेले आईबाप.' रडवं संगीत, आणि त्यावर संथ गतीने, अख्खा पडदा भरून, तिचे सासरे. खिडकीशी बसलेले. निवेदिका गहिवरून सांगत होती, "यांना भेटायला आता कुणीच येत नाही..."

ती जिना चढून वर येईपर्यंत बातमी तिच्याआधी पोचली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई सूपचं भांडं घेऊन दारात उभ्या. ते सूप सासरे शेवटच्या थेंबापर्यंत पितात की नाही, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सासऱ्यांनी आणखी मागून घेतलं, म्हणजे झालंच! नर्सबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, जिन्यावरून खाली उडी मारावी.

तेवढ्यात परगावाहून नणंदेचा फोन. "वहिनी, काय चालवलंय तुम्ही बाबांचं?"

"अहो वन्सं, क्लिप आहे ती. मीच काढलेली."

"तुम्ही काढलीत? त्यांना असं बसवून?"

या घरात सकाळी साडेसहापासून कोण कोणाच्या तालावर नाचतं, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला.

मग सुरू झाली लढाई. वाहिनीला फोन केला तर चाळीस मिनिटं बासरी ऐकवली आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे रीतसर परवाना आहे. शिवाय कोपऱ्यात 'प्रातिनिधिक चित्र' लिहिलंय." तिने पुन्हा पाहिलं. लिहिलं होतं खरं. मुंगीएवढ्या अक्षरात, दोन सेकंद. एजन्सीला पत्र पाठवलं तर उत्तर आलं, 'संपर्काबद्दल आभार.' तिने दुसरं पाठवलं. पुन्हा आभार. पाचव्या पत्रात तिने सरळ लिहिलं, 'आभार नकोत, माणूस द्या.' तेव्हा माणूस मिळाला. त्याने नम्रपणे कळवलं की असा वापर संवेदनशील ठरतो, हे त्यांना मान्य आहे आणि वाहिनीला समज दिली जाईल. 'मात्र खरेदीदाराने ज्या शब्दांनी क्लिप शोधली, ते शब्द आपणच पुरवलेले आहेत. यादी सोबत जोडली आहे.'

तिने यादी उघडली आणि पटकन लॅपटॉप अर्धा मिटला.

"काय म्हणतायत?" सासरे मागेच उभे होते. "दाखव पत्र."

"काही नाही, बाबा. नेहमीचा मजकूर."

"मग वाचलाच पाहिजे."

ते खुर्ची ओढून बसले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. डेपोत हजेरी घ्यावी तसे. "वृद्ध. पुरुष. खिडकी. सकाळ. एकटा. एकाकी. उदास. वृद्धाश्रम. दुर्लक्षित. विसरलेला." तिथे ते थांबले. "मुलांनी टाकलेला," त्यांनी हळूच वाचलं. मग चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"मला बघून सुचलं?"

"नाही हो, बाबा! असे शब्द खपतात म्हणून. रकाना भरायचा होता. तुमच्याकडे बघून नाही लिहिलं."

"हं," ते उठत म्हणाले. "म्हणजे बघितलंच नाहीस."

दोन दिवस ते तिच्याशी वेळेपलीकडे काही बोलले नाहीत. "बाबा, जेवायला वाढू?" "एक वाजता." "चहा?" "साडेचार." नवऱ्याने मध्ये पडून बघितलं. "जाऊ द्या ना बाबा, नुसते शब्द आहेत ते."

"चौतीस वर्षं मी नुसते शब्दच लिहिले," सासरे कडाडले. "मी 'लेट' लिहिलं की ड्रायव्हरला जाऊन कारण द्यावं लागायचं. लिहिण्याआधी मी गाडी डोळ्यांनी बघायचो."

तिला त्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या निवेदिकेचा तर फारच आला. पण भांडी घासताना, झाडू मारताना तो राग फिरून फिरून तिच्याच अंगावर येत होता. ज्या माणसाच्या आठ मिनिटांच्या तक्रारी ती रोज ऐकत होती, त्याच्याबद्दल तिने 'विसरलेला' लिहिलं होतं. विसरू देतात का ते कुणाला?

तिसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे ठेवला. सगळे शब्द पुसून टाकले होते. "तुम्हीच सांगा, बाबा. त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

त्यांनी चष्मा पुसून लावला. "देखरेख," ते म्हणाले.

तिने लिहिलं. मग आलं 'निवृत्त', मग 'वक्तशीर', मग 'चिडलेला, पण सकारण'.

"बाबा, असं कुणीही शोधणार नाही."

"नको शोधू देत."

झालंही तसंच. क्लिप खपायची थांबली. संवेदनशील विषयांसाठी वापरायची नाही, अशी अटही एजन्सीने त्या क्लिपवर घातली. पण आधी विकलेले परवाने कायमचे. ते परत घेता येत नाहीत, हे त्या नम्र माणसाने दोनदा कळवलं. म्हणजे कुठल्या ना कुठल्या पडद्यावर सासरे टाकलेले बाप म्हणून बसणारच. "कायमस्वरूपी," ते नुसतं म्हणाले. तो एकच शब्द तिला लागला.

नणंद मात्र खात्री करून घ्यायला स्वतः आली, चांगली आठ दिवसांची रजा टाकून. पहिल्या दिवशी बाबांच्या पायाशी बसून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिने केलेल्या चहाला पाच मिनिटं उशीर झाला आणि बाबांनी तो ऐकवला. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला किती वेळ लावते, हे बाबांनी दाराबाहेरून मोजून सांगितलं. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"वहिनी, हे असे कधीपासून आहेत हो?"

"तुमच्या जन्माच्या आधीपासून असतील, वन्सं."

दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून इतक्या हसल्या की बाहेरून विचारणा झाली, "काय झालं?" सहाव्या दिवशी नणंदेला ऑफिसात तातडीचं काम निघालं.

तेव्हापासून क्लिपमध्ये माणूस असेल तर शूटिंगबाई आधी त्या माणसाला विचारते आणि मगच शब्द लिहिते. यात दुप्पट वेळ जातो आणि तिचं डोकं चौपट उठतं. परवा तिने नर्सबाईंचे हात घेतले. पट्टी गुंडाळणारे, सुरेख आले.

"'तरुण' लिही," नर्सबाई म्हणाल्या.

"अहो, एकाहत्तर वर्षांच्या आहात तुम्ही!"

"मी आहे. हात बघ की, थरथरतायत का?"

तिने हात बघितले. नीट, वेळ घेऊन बघितले. मग एक सुस्कारा टाकला आणि 'तरुण' न लिहिता 'स्थिर' लिहिलं. त्यावर नर्सबाई पाऊण तास भांडल्या.