न कापलेलं गवत

आषाढ निम्मा सरला तरी गवत कापायचं मशीन कॉलनीत आलं नाही, तेव्हाच सौदामिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

नांदेड संपता संपता, विष्णुपुरीच्या वाटेला लागलं की त्यांची कॉलनी येते. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा. नकाशात ती ‘ओपन स्पेस’, लोकांच्या तोंडी ‘मैदान’. बाई शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी या मैदानावर जेवढी नजर ठेवली, तेवढी वर्गावरही कधी ठेवली नसेल. त्याला कारण होतं. कॉलनी नवी असताना तिथं कोणीतरी विटांचा ढीग आणून टाकला होता. विटांची भिंत झाली, भिंतीवर पत्रे चढले. कोणी काही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याला ठाऊक असेल. विचारलं ते बाईंनी. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, धमक्या ऐकल्या, नवऱ्याशी, राघवेंद्ररावांशी, भांडण काढलं. शेवटी शेड पडलं, तारेचं कुंपण आलं आणि आत हिरवळ लागली. तेव्हापासून बाईंचं ठाम मत होतं: कापलेलं गवत दिसलं की लोकांना कळतं, या जागेला धनी आहे. गवत माजलं की राडारोडा पडतो, मग टपरी येते, मग पत्रा.

म्हणून त्यांनी कुंपणाशीच महापालिकेच्या शिवलिंग माळ्याला गाठलं.

“मशीन बिघडलं का रे?”

“न्हाई बाई. सायबानं नको म्हणलंय. दसऱ्यापस्तोर हात लावायचा न्हाई.”

“का?”

शिवलिंगला सांगताना हसू आलं. “फुलं येऊ द्यायचीत म्हणं. माश्यायसाठी. मधाच्या.”

बाई हसल्या नाहीत. मधमाश्यांचं नाव पुढं करून जागा पडीक पाडायची, हा डाव त्यांना नवा असला तरी न समजण्यासारखा नव्हता.

थोड्याच दिवसांनी गॅलरीतून त्यांना मैदानात एक तरुण मुलगी दिसली. हातात सुतळी, काखेत खुंट्या. खुंटी ठोकायची, सुतळी ताणायची, पुन्हा खुंटी. मोजणी! बाई चहा तसाच टाकून खाली उतरल्या.

“कोणासाठी मोजतेस?”

“मोजत नाही, काकू. चौकोन आखतेय. कुठल्या चौकोनात काय काय उगवतं, ते बघायचंय.”

मुलीचं नाव अपूर्वा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. महापालिकेला गळ घालून ही जागा न कापता ठेवायची परवानगी तिनंच मिळवली होती. बाईंनी गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं.

“मुखेडकडची आहे. वडील शेती करतात. करडई, सूर्यफूल.”

“शेतकऱ्याची लेक, आणि तण जोपासतेस?”

अपूर्वानं खुंटी खाली ठेवली. “काकू, आमचं सूर्यफूल ताटाएवढं येतं, पण आत दाणे पोचट. माश्याच फिरकत नाहीत. फिरकतील कशा? सूर्यफूल फुलून जातं, मग बाकीचं वर्ष त्यांनी खायचं काय? बांध फवारून साफ, माळ साफ. शहरात यावं तर जिकडंतिकडं हिरवळ. माशीला हिरवळीवर काय मिळतं? सतरंजीवर मिळेल तेवढंच.”

“मग मुखेडच्या माशीला जेवायला नांदेडला बोलावतेस का?”

“नाही हो. इथं जमलं तर गावी दाखवता येईल. दिसल्याशिवाय कोण ऐकतंय?”

उत्तर चोख होतं. पण चोख उत्तरांचाच बाईंना जास्त संशय यायचा. पाठ करून आलेली मुलं अशीच बोलतात. तरी त्यांनी तिचा फोन नंबर मागून घेतला. पुढं तक्रारीला उपयोगी पडला असता.

श्रावणात मैदान ओळखू येईना. केना पसरला, टाकळा गुडघ्याला लागला, मधूनमधून एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं डोकं काढू लागली. अपूर्वा आणि शिवलिंग येऊन काँग्रेस गवत तेवढं मुळासकट उपटायचे. ‘एवढंच का काढतात?’ बाई पडद्याआडून बघत विचार करायच्या. राघवेंद्रराव म्हणाले, “अगं, पोरगी साधी आहे. किती खोदशील?”

“विटा टाकणाराही साधाच होता. नमस्कार करायचा रोज.”

मग एक दिवस मैदानातून धामण निघाली. रस्ता ओलांडून बिचारी नालीत गेलीसुद्धा, पण तोवर काठ्या घेऊन निम्मी कॉलनी गोळा झाली होती. बाईंना सापाची भीती खरोखरच होती, आणि त्या भीतीत त्यांना संधीही दिसली. दारोदार फिरून त्यांनी सगळ्यांना तक्रार करायला तयार केलं. मैदान साफ झालंच पाहिजे.

दुसऱ्याच संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष मार्तंडराव स्वतः घरी आले. एरवी कोणाच्या दुखण्याखुपण्यालाही न फिरकणारा माणूस.

“वहिनी, तक्रारीच्या भरवशावर कशाला बसता? मी जेसीबी सांगतो. एका सकाळीत साफ करून टाकू.”

राघवेंद्ररावांनी आग्रहानं चहा पाजला. बाईंनाही बरं वाटलं. पण पाहुणा गेल्यावर कप विसळता विसळता त्यांचा हात थांबला. गवत कापायला विळा पुरतो. जेसीबी कशाला?

त्या पुटपुटल्या ते ऐकून राघवेंद्रराव वैतागले. “आता मदत करणाऱ्यावरही संशय!”

जेसीबी आला तो एका सकाळी, लोक अंघोळीपांघोळीत असताना. आवाज ऐकून बाई धावल्या. एका कोपऱ्यातलं कुंपण आडवं झालं होतं, माती उलथली होती. मागं मुरमानं भरलेला टिप्पर उभा होता.

“मार्तंडराव, गवत काढायला मुरूम कशाला?”

“नुसतं काढून काय होतंय, वहिनी? परत उगवणार. मुरूम टाकून दाबून घेतलं की झंझट मिटली. चार गाड्या उभ्या राहतील.”

“कोणाच्या गाड्या?”

मार्तंडरावांनी ड्रायव्हरकडं पाहिलं, मग बाईंकडं. “मेव्हण्याचं मंगल कार्यालय होतंय ना पलीकडं. पाहुण्यांना जागा नको? आणि तक्रार तर तुमचीच होती. मी आपला तुमच्या शब्दावर...”

बाईंची कानशिलं तापली. आपण स्वतःच दार उघडून दिलं, हे त्यांना तिथं उभ्या-उभ्या कळलं. पुढं त्यांनी काय केलं ते कॉलनी अजून सांगते. साडी गुडघ्यापर्यंत आवरून त्या सरळ गवतात शिरल्या. पाय कुठं पडतोय ते दिसत नव्हतं. प्रत्येक पावलाला धामण आठवत होती. कमरेपर्यंत आलेल्या कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांमधून त्या जेसीबीच्या दातांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. भोवती माश्या घोंघावत होत्या. बाईंकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंनी अपूर्वाला फोन लावला.

“माझं चुकलं-बिकलं नंतर बोलू. आधी तुझ्या त्या महापालिकेच्या साहेबांना घेऊन ये.”

मार्तंडराव ओरडले, “चालव रे!”

ड्रायव्हरनं मशीनच बंद केलं. “बाईमाणसावर गाडी घालाय न्हाई आलो मी, मालक.”

साहेब आले, पंचनामा झाला, टिप्पर भरलेलाच परत गेला. कुंपण मार्तंडरावांना स्वतःच्या खर्चानं उभं करावं लागलं. उलथलेल्या कोपऱ्यात आधी काँग्रेस गवतच उगवलं. ते मात्र बाई रोज सकाळी स्वतः उपटू लागल्या.

पण त्यांनी अपूर्वाला सोडलं नाही. घरी बोलावून बजावलं, “आत तुझी फुलं राहू दे. कडेनं मात्र रुंद पट्टा दर आठवड्याला कापायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, इथं कोणाचं तरी लक्ष आहे. शिवाय जनावर निघालं तर उघड्यावर दिसेल.”

“कबूल,” अपूर्वा म्हणाली. ती इतकी चटकन कबूल झाली की बाईंनी पुन्हा एकदा तिच्याकडं रोखून बघितलं.

नवरात्रात मैदानावर नुसती झुंबड होती. माश्या, भुंगे, पिवळी फुलपाखरं. घटाच्या माळेसाठी कुर्डू तोडायला बाया आल्या तर बाई गॅलरीतून हाक द्यायच्या, “मूठभरच! बाकीचं त्यांचं आहे.” राघवेंद्रराव पेपराआड हसायचे.

दसरा झाला, बी पडलं, शिवलिंगनं गवत कापून नेलं. दिवाळीच्या सुमारास अपूर्वा उत्साहात घरी आली. गोदावरीपलीकडची एक कॉलनी आपलं मैदान द्यायला तयार होती.

“कोण तयार आहे?” बाईंनी विचारलं.

“त्यांचे अध्यक्ष.”

“तू मागितलंस?”

“नाही, त्यांनीच फोन केला. लगेच सुरू करा म्हणाले.”

बाईंनी हातातली पणती खाली ठेवली आणि आतून चपला आणल्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “आधी त्या अध्यक्षाला बघून येऊ.”