माणसाची इर्जिक

देवीची नजर किती लांबवर पोहोचते, असा प्रश्न मनातसुद्धा आणू नये म्हणतात. मी तो आणला होता, आणि एकदा नाही, रोज आणत होते. माहूरच्या डोंगराखालच्या एका गावात मी लहानाची मोठी झाले. शाळा पाचवीतच सुटली, पण रेणुकामातेची आरती तोंडपाठ होती. डोंगर दिसतोय तोवर आपलं काही वाईट व्हायचं नाही, असं आम्हा मुलींना वाटायचं. लग्न झालं, आणि पोटापाण्यासाठी आम्ही दोघं पार इकडे, बारामती-इंदापूरच्या मुलखात आलो. इथे सगळीकडे ऊस. मान वर करून बघावं तर डोंगर कुठेच नाही. यांच्या अंगावरून वारं गेलं, त्या दिवसापासून मी देवीला एकच विचारत होते, आई, इतक्या लांबचं तुला दिसत नाही का गं?

हे दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. लासुर्ण्याच्या आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि बारामतीच्या एमआयडीसीतल्या डेअरीत पोहोचवायचं, हे त्यांचं काम. हॉर्न वाजवायची त्यांना कधी गरजच पडली नाही. बांधावरून एक हाक दिली की पार कालव्यापलीकडच्या बायका चुलीपुढून उठायच्या. असा खणखणीत आवाज. त्या दिवशी सकाळी कॅन उचलता उचलता यांचा उजवा हात एकाएकी सुटला. दूध मातीत सांडलं, त्या दुधातच हे बसले, आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलू लागले. तोंड वाकडं झालं होतं. आवाज येत होता, शब्द येत नव्हता.

आम्ही ज्यांच्या वस्तीवर भाड्याने राहत होतो त्या धुळाआबांनी यांना त्याच टेम्पोत घातलं आणि बारामतीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. मेंदूची नस बंद पडली होती. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. किती परत येईल ते सांगता येत नाही म्हणाले, पण जे येईल ते मेहनतीनेच येईल. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला सगळं करून दाखवलं. उभं कसं करायचं, लुळ्या पायावर भार कसा द्यायचा, मिटलेली मूठ कशी उघडायची. घरी सोडताना म्हणाल्या, "मी तुम्हाला आठवड्यातून एकदा भेटणार. बाकीचे दिवस तुमचे. आणि दिवसातून एकदा करून भागायचं नाही, घडीघडी करायचं."

मी मान डोलावली. पण हे उंचेपुरे गडी, मी ही एवढीशी. पदरात मूलबाळ नाही. एसटीडीवरून थोरल्या दिरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "परक्या मुलखात कोण बघणार तुमचं? पाडवा झाला की येतो न्यायला." त्यांची माया खरी होती. पण आमच्या गावापासून मोठा दवाखाना किती लांब, ते मला ठाऊक होतं. वारं गेलेला माणूस तिकडे एकदा ओसरीवरच्या खाटेवर पडला की पडलाच. घरचे त्याला वेळेवर खायला घालतात, अंग पुसतात, आणि तो पुन्हा कधी उठेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पाडव्याच्या आत हे उभे राहिले नाहीत, बोलले नाहीत, तर त्याच खाटेवर जाणार.

एका दुपारी मी यांना खाटेवरून उठवायला गेले आणि आम्ही दोघंही अंगणात आडवे झालो. त्यांचं अर्धं अंग माझ्यावर. मला उठता येईना, त्यांना सरकता येईना. मी हाक मारली नाही. इथे आपलं कोण, कुणाला कशाला त्रास द्यायचा, असंच मनात. शेवटी मेंढरं घेऊन परतणाऱ्या आबांनीच आम्हाला बघितलं.

"हे काय गं? हितं निजलाय व्हय दोघं?" आबांनी काठी टाकली आणि यांना काखेत धरून बसतं केलं. "हाक मारायची न्हाय?"

"तुम्हाला कशाला त्रास, आबा?"

"लई शानी हाईस! माझ्या अंगणात मेली असतीस तर त्रास झाला नसता मला?" मग ते यांच्या पायाशी उकिडवे बसले आणि तो लुळा पाय चाचपत म्हणाले, "आमच्यात एखाद्याचा बैल बसला, गडी आजारी पडला, तर त्याचं रान पडीक ठेवत न्हाईत. समदी आपापली औतं घेऊन जात्यात आन एका दिसात नांगरून देत्यात. इर्जिक म्हणत्यात त्याला. रानाला घालतो, तर माणसाला का घालू नये?"

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्यांना आबांनी थांबवून घेतलं. टेम्पो आता बदलीचा ड्रायव्हर चालवत होता. आबांनी पाळ्या लावल्या. सकाळी दूध घालून परतणाऱ्यांपैकी दोघांनी यांना उभं करून अंगणात चालवायचं. दुपारी बायकांनी हाताचं बघायचं. संध्याकाळी पुन्हा गडी. कुणी कुरकुरलं नाही. मीच संकोचाने मरत होते. आबांची मंडळी हौसाआक्का म्हणाल्या, "पोरी, तुझा नवरा दहा वर्सं आमच्या दारात येऊन वरडतोय. आता आमी त्याच्या दारात येऊन वरडतो."

सुरुवातीला गड्यांनी एक चूक केली. मेंढपाळच ते. बसलेलं मेंढरू पुढचा पाय धरून ओढून उठवतात, तसं यांनाही लुळा हात धरून ओढून उठवू लागले. यांचा खांदा सुजला. पुढच्या भेटीला व्यायामाच्या बाईंनी बघितलं आणि चांगल्याच खवळल्या, "खांदा निखळेल त्यांचा! हाताला धरायचं नाही, कंबरेला धरायचं." आबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. घरी आल्यावर डोक्यावरचा पटका सोडला, यांच्या कंबरेला घट्ट गुंडाळला, आणि मागून त्याला धरून म्हणाले, "चल गड्या, आता पडशील तर माझ्या पटक्यासकट पडशील." बाईंनी पुढच्या खेपेला तो पटका बघितला आणि हसून म्हणाल्या, हे उत्तम आहे, असंच चालू ठेवा.

दुपारी हौसाआक्का कातरलेल्या लोकरीचा ढीग यांच्यापुढे टाकायच्या. त्यातली कुसळं आणि गोखरू वेचून काढायचे, तेही उजव्या हाताने. आधीचे आठ-पंधरा दिवस बोटं नुसती लोकरीवर पडून राहिली. बायका भोवती बसून थट्टा करायच्या. "पाव्हणं, झोपलं का बोट तुमचं?" "त्याला च्या पाजा गं!" हे हसायचे, पण तोंडाच्या एकाच बाजूने. एके दिवशी अंगठा आणि त्याशेजारचं बोट जवळ आलं आणि एक गोखरू बाहेर निघाला. आक्कांनी तो गोखरू तळहातावर घेऊन साऱ्या वस्तीला दाखवून आणला, जणू मोत्याचा दाणा.

पाय सुधारला. मूठ उघडू लागली. पण बोलणं येईना. आत सगळं शाबूत होतं, ते डोळ्यांत दिसायचं. बाहेर मात्र "हां... हां..." एवढंच. पाणी हवं असलं तरी हां, भाकरी हवी असली तरी हां. काय हवंय ते मला समजलं नाही, तर हे भिंतीकडे तोंड फिरवून रडायचे. बाई म्हणाल्या, धीर धरा, शब्द मेलेले नाहीत, वाट बुजली आहे. मी देवीला नवसावर नवस बोलत होते. साडी, चोळी, उपास, अनवाणी डोंगर चढणं. बोलून झालं की पुन्हा तेच यायचं, एवढ्या लांबून तिला ऐकू जात असेल का?

पाडवा झाला आणि थोरले दीर आले. भावाला पटक्याच्या आधाराने चालताना बघून त्यांचे डोळे भरले, पण बेत बदलला नाही. "चालतोय, चांगलं झालं. पण बोलता येत नाही, टेम्पो चालवता येत नाही. इथे काय म्हणून राहायचं?" दुसऱ्या दिवशीची सकाळची एसटी ठरली. मी ट्रंक भरली.

तो रविवार होता. वस्तीच्या माळावर बिरोबाचं छोटं देऊळ आहे. रविवारी दुपारी तिथे ढोल वाजतो आणि ओव्या होतात. आबा पुढे म्हणायचे, बाकीचे मागून झील धरायचे. निरोपाचं म्हणून आबांनी यांनाही नेऊन आपल्याशेजारी बसवलं. मी देवळाच्या कडेला उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी त्या देवाला मनापासून हात जोडले नव्हते, कारण तो माझा नव्हता. त्या दिवशी जोडले. नवस बोलायला तोंड उघडलं आणि बोलायला काही उरलंच नव्हतं. म्हटलं, देवा, मी तुझ्या घरची नाही. माझ्याजवळचं सगळं बोलून झालंय. यांना ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने. मी आता काही धरून ठेवत नाही. आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

ढोल घुमत होता. आबांनी ओळ टाकली, सगळ्यांनी झील धरली. त्या आवाजात मला एक आवाज ऐकू आला. आधी भास वाटला. पुढच्या झिलीला पुन्हा आला. खणखणीत, बांधावरून कालव्यापार जाणारा. हे गात होते. नुसतं हां नव्हे, सबंध ओळ, शब्दान् शब्द. गाता गाता त्यांचा उजवा हात थरथरू लागला, डोळे वर लागले.

"आलं! पाव्हण्याच्या अंगात देव आला!" कुणीतरी ओरडलं, आणि एकच गलका झाला. मुठी मुठी भंडारा उधळला गेला. हे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झाले. एक म्हातारी पुढे येऊन पाया पडली, "देवा, माझी काळी शेळी परवापासनं घावत न्हाय, कुटं गेली सांग." आणि तिच्यामागे आमचे थोरले दीर! धाकट्या भावाच्या पायावर डोकं ठेवून विचारत होते, "देवा, माझ्या भावाला बरं कधी वाटेल?"

माझी लाज, भीड कुठे गेली कोण जाणे. मी गर्दीत शिरले आणि ओरडले, "अहो, देव नाही! हे आहेत! हेच आहेत!"

ढोलवाला थांबायला लागला तशी आबांनी त्याला दटावलं, "थांबू नगंस! वाजीव!" त्यांना काय उमगलं होतं देव जाणे. यांच्याकडे तोंड करून त्यांनी त्याच चालीवर नवी ओळ बांधली, "पाव्हणा आमचा जातो का ऱ्हातो?" झील उठली, "जातो का ऱ्हातो?" पुन्हा आबा, पुन्हा झील. तिसऱ्या वेळी झील संपली आणि ढोलाच्या ठेक्यावर यांचा एकट्याचा आवाज वर चढला, "ऱ्हातोऽऽ! ऱ्हातोऽऽ!"

मग माळावर काय झालं ते लिहिता येत नाही. गडी नाचले, आक्कांनी मला कवटाळलं. दीर भंडाऱ्याने माखलेल्या भावाला मिठी मारून हसत-रडत म्हणत होते, "राहा बाबा, राहा." दुसऱ्या दिवशीच्या एसटीने ते एकटेच गेले.

बाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं, बोलण्याची वाट बंद असली तरी कधीकधी गाण्याची उघडी असते, आता याच वाटेने चाला. त्यांचं म्हणणं खरंच असणार. पण ती वाट त्या दिवशी, त्या माळावर कुणी दाखवली, ते मला विचारायचं नाही. मी त्यावर वाद घालत नाही.

पुढचे कितीतरी महिने हे बोलायचे ते ओवीच्या चालीवरच. सकाळी अंगणातून सूर यायचा, "च्या ठेव गंऽऽ, च्या ठेव गंऽऽ." आणि मी चूल पेटवायच्या आत गोठ्यातून, विहिरीवरून, पलीकडच्या खळ्यावरून वस्तीची झील उठायची, "आमालाबी ठेवऽऽ!" हळूहळू चाल गळून पडली, शब्द राहिले. आज हे दूध संकलन केंद्रावर बसतात, मापं घेतात, आणि दूध पातळ निघालं तर चांगलं सुनावतातही.

देवीची नजर किती लांबवर पोहोचते, ते मला आता मोजावंसं वाटत नाही. मी सगळा भार एकटीच्या डोक्यावर धरून तिला हाका मारत होते, आणि ती इतक्या हातांनी तो उतरवून घ्यायला दारात उभी होती. देवावर सोपवणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, पडल्यावर हाक मारता येणं, तेच सोपवणं. तेवढं मला आलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्या पायाशी माझं डोकं जन्मभर आहे.