देवाला दोनदा दिलेलं कोहळं

माझ्या पत्नीला माती देताना आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बाई अबोल होत्या, उपकारस्तुतीत त्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही. मंडळीने माना डोलावल्या. मीही मूठभर माती टाकली. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी खामगावकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. आमच्या घरी माझ्या वडिलांपासूनची एक रीत होती. रात्री ताटं वाढली की प्रत्येकाने देवाचा एक उपकार सांगायचा आणि तो आदल्या दिवशीचा नको. मी नेहमी मोठं काहीतरी सांगायचो, तारण, शांती. पत्नी म्हणायची, आज सरपण कोरडं मिळालं. विहिरीवर गर्दी नव्हती. आमच्या लेकीला ताप भरला तेव्हाही तिने उपकार सांगणं कधी चुकवलं नाही. पोरीने अर्धी भाकर खाल्ली. आज पोर हसली. पुढे तेवढंही सांगण्यासारखं उरलं नाही, आणि एका दुपारी लेक गेली. ती पाच वर्षांची होती.

लेकीने न्हाणीच्या पाण्यावर कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावला होता. ती गेल्यावर त्याला एकच फळ धरलं. पत्नी रोज त्याच्याखालचं गवत बदलायची. याच्या बिया ठेवायच्या, असं शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं.

तरी पहिल्या पिकाच्या सणाला मी ते कोहळं तोडून आमच्या ख्रिस्ती देवळात नेलं. तिला विचारलं नाही. घरात तिचं रडणं सोसवत नव्हतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. वाटलं, देवाला दिलं की तिचं मन त्यातून सुटेल. वेदीपुढे उभा राहून मी साक्ष दिली, की प्रभूने दिलं, प्रभूने नेलं, आम्ही दोघंही त्याचे उपकार मानतो. आम्ही दोघंही, असंच म्हणालो. बायका डोळे पुसू लागल्या.

उपासनेनंतर रिवाजाप्रमाणे अर्पणांचा लिलाव झाला. कोहळं मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी घेतलं आणि माझ्या पत्नीच्या ओटीत आणून ठेवलं. तिने दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पुढे झालो, तिचे हात सोडवले आणि कोहळं पुन्हा मेजावर ठेवलं. म्हणालो, देवाला दिलेलं परत घेऊ नये. दुसऱ्यांदा बोली लागली आणि ते पिंपळगाव राजा या गावच्या एका घरी गेलं. बैलगाडी वळेपर्यंत ती पाहत राहिली.

त्या रात्री ताटं वाढली. मी माझा उपकार सांगितला. तिची सांगायची वेळ आली. मी म्हणालो, "बोल ना."

ती म्हणाली, "माह्यासाठी सकाळी तुम्हीच उपकार मानले. आता मले काऊन इचारता?"

त्यानंतर तिची वेळ आली की मी थोडा थांबायचो आणि आमेन म्हणायचो. मंडळीत बोलणं सुरू झालं, मास्तर विश्वासाचा माणूस, बाई मात्र थंड पडली. महिला मंडळात तिला तोंडावर ऐकवलं गेलं. माझ्या साक्षीचा दाखला तेव्हा गावोगाव दिला जाई. मला तो गोड लागत होता. मी एका शब्दानेही तिची बाजू घेतली नाही. घरी तिची माफी मागायला अनेकदा तोंड उघडलं, आणि पाणी दे, एवढंच म्हणालो.

आता मी लेकीनंतर झालेल्या मुलाकडे राहतो. रीत त्यानेही ठेवली आहे. परवा सुनेने कोहळ्याची भाजी केली होती. माझी पाळी आली. तारण आठवलं, शांती आठवली, पण एकही तोंडातून निघेना. आधी पत्नीला विचारायला हवं, असं वाटत राहिलं. सगळे हात जोडून थांबले होते.

शेवटी सून हळूच म्हणाली, "बाबा, भाजी निवून राह्यली."