मासाएताईचं घर

किनुए कावामोरीला गावात कोणी बोलावत नसे. ती येत असे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पुलाचं उद्घाटन असो, नगरपालिकेची बैठक असो, बाई पहिल्या रांगेत. भाषणं संपली की उभी राहणार आणि विचारणार, "या नदीचं नाव आइनू भाषेत आहे. त्याचा अर्थ इथे कोणाला येतो?" आइनू म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या या बेटावरचे मूळचे लोक, आणि किनुए त्यांच्यातलीच; पण अर्थ कोणालाच येत नसे. मग लोक टोप्या चाचपत, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत, आणि महापौर चहाची घोषणा करत.

तरुणपणी ती सापोरोच्या हॉटेलात भांडी घासायला गेली होती. तिथून परत आली ती डोक्यात वारं भरूनच. नदीच्या वरच्या अंगाला उरलेसुरले म्हातारे गाठून तिने भाषा वेचली, जशी बाया रानात कंद वेचतात, आणि सभागृहाच्या माळ्यावर फुकट वर्ग उघडला. तिथे आलं कोण? एक प्राध्यापक आला. त्याने तिचा आवाज भरून नेला आणि पुस्तकात तिचं नाव चुकीचं छापलं. निवृत्त जपानी साहेबांच्या बायका आल्या. त्यांना भाषा नको होती, भरतकामाचे टाके हवे होते. आइनू मात्र फिरकले नाहीत. त्यांना पोरांची लग्नं करायची होती, आणि आइनू म्हटलं की सोयरीक मोडायची.

नगरपालिकेलाही मग संस्कृतीचा पुळका आला. नदीकाठच्या बागेत गवताचं एक 'पारंपरिक घर' उभं राहिलं. आइनूंच्या घरात मधोमध आगटी असते आणि तिच्यात अग्नीआजी राहते. तिला नमस्कार केल्याशिवाय पान हलत नाही. पण गवताच्या घरात विस्तव पेटवायला कायद्याने बंदी. म्हणून या शहाण्यांनी आगटीत प्लास्टिकची लाकडं रचली आणि खाली लाल दिवा बसवला. पर्यटक हात पुढे करून शेकायचे. किनुए शेजारी चटई विणत बसायची आणि म्हणायची, "शेका, शेका. तुमच्याइतकीच ऊब आहे त्यात."

तिची थोरली बहीण मासाए हा निराळाच नमुना. खाली समुद्राकडच्या गावात एका जपानी धोब्याशी तिने लग्न केलं होतं आणि सासरी सांगितलं होतं की आमचे लोक समुद्रापलीकडच्या आओमोरीचे, म्हणजे अस्सल जपानी. आइनू बायकांच्या हातावर लव जास्त असते. ही दर दोन दिवसांनी वस्तरा घेऊन हात भादरायची, भुवया कोरायची. शेजारणींबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर जन्मात गेली नाही. मासळीबाजारात किनुए समोर आली की मासाए तिच्या आरपार पाहून मागच्या भिंतीवरचे भाव वाचायची. किनुएचं आडनाव तिच्या मोडलेल्या लग्नातलं, म्हणून कोणी नातं जोडलं नाही. म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण म्हातारे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. मासाएच्या मुलाला, तात्सुरोला, मावशी आहे हेच माहीत नव्हतं.

आणि अशा या मासाएने दवाखान्यातून किनुएला बोलावणं धाडलं.

"दार लाव," ती म्हणाली.

"कोण ऐकणार आहे? शेजारच्या खाटेवरची बहिरी आहे."

"लाव म्हटलं ना." दार लागल्यावर ती छताकडे बघत म्हणाली, "मी गेले की मला घर पाठवशील?"

किनुए हसलीच. आइनूंमध्ये घरची बाई गेली की तिचं घर जाळायची रीत होती. पुरुष पलीकडे जाऊन स्वतःचं घर बांधतो, बाईला ते जमत नाही, म्हणून इथलं जाळून तिच्यामागे पाठवायचं. सरकारने ती रीत कधीच बंद पाडली. मग लोक छोटं खोपटं बांधून जाळायचे. पुढे तेही थांबलं.

"तुला कशाला घर? नवऱ्याचं दोन मजली आहे की. खाली धुलाईची यंत्रं."

"ते इथे. तिकडे आई आहे, आजी आहे. त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? उघड्यावर झोपते म्हणू?"

"म्हणजे जन्मभर लाजलीस आणि मेल्यावर आइनू होणार?"

"हो. आणि तात्सुरोला कळता कामा नये. त्याच्या सासरच्यांना तर नाहीच नाही. शपथ घे, किनु."

किनुएच्या जिभेवर बोलायला पुष्कळ आलं होतं. बहिणीचे हात पांघरुणावर होते, आणि दवाखान्यात वस्तरा नसल्यामुळे त्यांच्यावर पांढरी लव दाट उगवली होती. तिने शपथ घेतली.

मासाए गेली. बौद्ध भिक्षूने मंत्र म्हटले, तात्सुरोने उदबत्ती लावली, किनुए शेवटच्या रांगेत परक्यासारखी बसली आणि दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. नदीकाठी खोपटं जाळायचंय म्हटल्यावर अग्निशामकवाल्याने विचारलं, "कारण?"

"अंत्यविधी."

"कोण वारलं?"

जिला गप्प करायला सगळा जिल्हा धडपडत होता ती बाई इथे गप्प झाली. परवानगी अर्थातच मिळाली नाही.

शेवटी संस्कृती विभागाचा होंजो धावून आला. गुळगुळीत माणूस, बोलताना सतत हात धुतल्यासारखे चोळायचा. "बाई, अंत्यविधी कशाला म्हणता? प्रात्यक्षिक म्हणा ना. शरद महोत्सवात करू. आगीचा बंबही उभा ठेवू. प्रात्यक्षिकाला परवानगी आहे."

म्हणजे खरं दुःख जाळायला मनाई, खोटं जाळायला मात्र बंब तैनात. आमच्या रीती म्हणजे तमाशा नव्हे, असं किनुए उभा जन्म ओरडत आली होती. ती उठून चालू लागली. जिन्यात थांबली. बर्फ पडायला लागलं की खोपटासाठी गवत कापता येणार नव्हतं, आणि ताई तिकडे आईच्या दारात उभी होती. ती परत वर गेली आणि म्हणाली, "बरं."

खोपटं तिने एकटीने बांधलं. आत फुटकं पातेलं ठेवलं, मोडका विळा ठेवला, दात तुटलेला कंगवा ठेवला; इथे मोडलेलं तिकडे धड होतं. वस्तरा ठेवला नाही.

महोत्सवाच्या दिवशी माणूस लोटलं. भाजलेल्या मक्याच्या गाडीवर व्यापारी मंडळातर्फे तात्सुरोच उभा होता. होंजोने ध्वनिक्षेपक धरला. "मंडळी, घाबरू नका, ही फक्त प्रतिकृती आहे. खरं कोणी वारलेलं नाही. हो ना, बाई?"

"हो," किनुए म्हणाली. "कोणीच नाही."

लोक हसले. भाड्याने आणलेल्या एका दाढीवाल्याने बाहीत लपवलेल्या चिठ्ठीवरून देवाची प्रार्थना वाचली. मध्ये एक ओळ गाळली, ते देव आणि किनुए सोडून कोणाला कळलं नाही. मग चूड लागली. आता बाईने विलाप करायचा असतो. होंजोने ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला.

लहान मुलाला रोगराईची दृष्ट लागू नये म्हणून आइनू त्याला घाण नाव ठेवत. आपल्याकडे दगडू, उकिरड्या ठेवतात तसं, त्याहून वाईट. मासाएचं घरातलं नाव होतं शिओन, म्हणजे वाळका गू. ते नाव किनुएने सगळ्या महोत्सवाला ऐकू जाईल असं हाकारलं आणि पुढे आइनू भाषेतच बोलत राहिली. "शिओन, हे तुझं घर. गवत जून झालंय, रागावू नकोस. पातेलं तिकडे सांधेल. बाजारात तू मला ओळख दिली नाहीस. मी येईन तेव्हा दार उघड." बहिणीचं सगळं आयुष्य, आओमोरी आणि भादरलेले हात, तिने कर्ण्यावरून सांगून टाकलं. कोणाला एक अक्षर कळलं नाही. भरतकामवाल्या बायकांनीसुद्धा नुसत्या कौतुकाने माना डोलावल्या. ही भाषा कोणी शिकत नाही म्हणून जिने घसा कोरडा केला, तिला त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

छप्पर खाली बसलं. टाळ्या पडल्या.

गर्दी पांगल्यावर तात्सुरो मक्याचं एक कणीस घेऊन आला. "घ्या बाई, दमला असाल. मस्त झालं. रडलात तर अगदी खरोखरीचं."

"सवय आहे."

"माझी आई गेली ना नुकतीच. तिला हे आइनूंचं वगैरे बिलकूल खपायचं नाही." तो राखेकडे पाहून हसला. "बरं झालं, ती नव्हती बघायला."

किनुएने बोलायला तोंड उघडलं. मग कणीस त्याच्या हातातून घेतलं आणि ते खाऊ लागली.