अकरा बोटींची पावती

मुनशीजींना मी सहा महिने तुरुंगात टाकलं. प्रत्यक्षात ते तुरुंगात एक दिवसही राहिलेले नव्हते. त्यांचा सगळा कारावास माझ्या अक्षरात होता, आणि माझं अक्षर चांगलं आहे असा माझा तेव्हा समज होता.

लातुरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी फिजिक्सचा क्लास घ्यायचो. खाली ते आणि त्यांची मुलगी शहनाज. ती उर्दू शाळेत शिकवायची. मुनशीजी मूळचे नांदेडचे, बायको वारल्यावर मुलीकडे राहायला आलेले. सत्तरी ओलांडलेली, पाठ थोडी वाकलेली, पण शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय दारात यायचे नाहीत. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे उर्दू आणि इंग्रजी झरझर वाचत. मराठी फक्त बोलत, आणि ऐकणाऱ्याला बोचेल अशी बोलत.

क्लास सुरू केला तेव्हा माझ्याकडे नऊ पोरं होती, म्हणून मी पाटीवर 'मराठवाड्यात अव्वल' असं लिहून घेतलं. पेंटर शिडीवरून उतरायच्या आत मुनशीजी बाहेर आले. शहनाजकडून पाटी वाचून घेतली.

"मोजून आलात का मास्टर, सगळा मराठवाडा?"

"मोजायचं काय त्यात, मुनशीजी. जाहिरात आहे."

"मग खाली 'म्हणे' लिवा की. जागा हाय अजून."

पेंटर हसला, मीही हसलो. मला वाटलं, म्हाताऱ्याला विनोद करायची सवय आहे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. औशापलीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. क्लास बंद पडला. चार दिवसांत लातुरात मदतीच्या ट्रकांची रांग लागली. आमच्या गल्लीमागच्या एका दाळमिलचं गोदाम मदतीच्या मालासाठी उघडलं गेलं. मुनशीजी कुणी न बोलावता गेले, दारात स्टूल टाकून बसले आणि मला म्हणाले, "तुमचं मराठी अक्षर हाय ना? चला. आज तरी कामाला येऊ द्या."

पहिलाच ट्रकवाला घाईत होता. गठ्ठे उतरवले, कागद पुढे केला. "कंबल, पन्नास. करा सही, बाबा."

"लिवा मास्टर," मुनशीजी म्हणाले. "कंबल, पन्नास, म्हणे."

"म्हणे काय?" ड्रायव्हर भडकला. "आमच्यावर भरोसा न्हाई का?"

"तुमच्यावर हाय. गठ्ठ्यावर न्हाई."

गठ्ठे फोडले. आत लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट निघाले, खांद्यावर सोनेरी झालर असलेले. खाली बूट होते, सगळे डाव्या पायाचे. त्यांनी मला आधीची ओळ खोडायला लावली आणि शांतपणे नवीन सांगितली: "कोट, बँडचे, एकतीस. बूट, डावे, बावीस. आता 'म्हणे' नक्को. आता आपण बघितलं." जो माल डोळ्यांनी पाहिला त्याच्यापुढचं 'म्हणे' ते खोडायला लावत. जो पाहिला नाही त्याच्यापुढे ते तसंच राही. दुपारी मी कंटाळून म्हणालो, "एवढं कशाला, मुनशीजी? लोक थांबलेत तिकडं." तर म्हणाले, "थांबलेत म्हणूनच. उघड्यावर बसलेल्या बाईच्या अंगावर काय 'म्हणे' पांघरणार का?"

ही रीत कुठली, हे त्यांनी त्याच गोदामात, पोत्यावर बसून सांगितलं. तरुणपणी ते रंगूनला गेले होते, एका सुरती तांदळाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर जहाजी कारकून म्हणून. महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांकडे गेला आणि तिकडच्या हिंदी लोकांनी स्वतःचं आझाद सरकार उभं केलं. शेठने आपल्या अकरा मोटारबोटी त्या सरकारला देऊन टाकल्या. मुनशीजी त्या सरकारचा माल धक्क्यावर मोजून घेत आणि इरावतीतून वर, लढाईच्या बाजूला पाठवत. तांदूळ, मीठ, पट्ट्या, औषधं. जहाजी कामात बंद पेटी आली की कारकून तिच्यात अमुक आहे असं लिहीत नाही, 'अमुक आहे असं म्हणतात' असं लिहितो. मुनशीजींनी एकदाच ते लिहायचं सोडलं. माल पाठवणारा एक दुसरा व्यापारी होता, ओळखीचा, नमाजाला शेजारी उभा राहणारा. पेट्यांवर क्विनाइन लिहिलेलं होतं.

"वर उघडल्या तर आत भुस्सा आन् विटा," ते म्हणाले. "जवान हिवतापानं फणफणून राहिले होते. माझी सही होती खाली. म्हणे नव्हतं."

 मग ट्रक आला.

पुढे कधीतरी त्यांनी मला पावती दाखवली. त्या आझाद सरकारच्या शिक्क्याची, अकरा बोटींची. अकराच्या अकरा बॉम्बहल्ल्यात बुडाल्या. इंग्रज परत आले तेव्हा शेठ अंथरुणाला खिळले होते. पावती मुनशीजींच्या हातात देऊन म्हणाले, आपलं सरकार आलं की जमा कर. मुनशीजी नांदेडला परतले तेव्हा तिथं निजाम होता.

"त्या राज्यात दाखवली असती तर आत टाकलं असतं. ते राज्य गेलं तवा माझी दाढी बघूनच लोक बाजूला होऊन राहिले होते. कुणाला दाखवू? तांदळाच्या डब्यात ठेवली."

"आणि इंग्रजांनी तुम्हाला पकडलं नाही?"

"दोन दिवस कचेरीत बसवलं, सवाल केले. चाय दिली. साखर कमी होती. सोडलं."

हे ऐकून माझ्यातला शिक्षक जागा झाला, म्हणजे जरा जास्तच. मी म्हणालो, तुम्हाला स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन मिळालंच पाहिजे. ते म्हणाले, पेन्शन नको. "शेठची अमानत हाय. सरकारनं दिलेला कागद सरकारनं परत घ्यावा, त्यावर 'जमा' लिवावं. एवढं होत असेल तर चलतो."

नुसती पावती जमा करून घेणारं खातं सरकारात नव्हतं. पेन्शनच्या अर्जाला जोडली तर घेणार होते. मुनशीजींचा मूळ जिल्हा म्हणून आम्ही एसटीने नांदेडला गेलो. कचेरीबाहेर कागद करून देणारा एक जण होता. त्याने आमची कहाणी ऐकली आणि कान खाजवत म्हणाला, "चहावर पेन्शन भेटत न्हाई सर. जेल लागते. सहा महिने टाका. सगळेच टाकतात."

मी टाकले. माझ्या सुंदर अक्षरात. मनात म्हटलं, माणूस खरा, पावती खरी, मग एका ओळीने काय होतंय? मुनशीजी बाकावर बसले होते. म्हणाले, "वाचून दाखवा." मी खणखणीत आवाजात वाचलं. ती ओळ आली तेव्हा, वर्गात अवघड सिद्धता जशी उडी मारून ओलांडतो, तशी ओलांडली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग उर्दूत सही केली. अस्सल पावती टाचणीने अर्जाला लावली, तेव्हा ते टोपी सारखी करून उभे राहिले होते.

येताना बसमध्ये ते खुशीत होते. विष्णुपुरी धरणाचं पाणी दिसल्यावर मला म्हणाले, "इरावती याच्या चौपट. म्हणे न्हाई, बघितलीय."

दरम्यान बोर्डाच्या निकालांत लातूरचं नाव झालं. बाहेरगावची पोरं गठ्ठ्यांनी यायला लागली. माझी नऊची नव्वद झाली. पाटी मोठी केली. याच सुमारास खोट्या स्वातंत्र्यसैनिकांची तपासणी सुरू झाली. तुरुंगाच्या नोंदी मागवल्या गेल्या. बोगस अर्जदारांची यादी पेपरात छापून आली आणि तिच्यात मुनशीजींचं नाव होतं. शहनाजच्या शाळेत तो पेपर टेबलावर पसरून ठेवलेला होता.  ती आत आली तसे सगळे एकदम वह्या तपासायला लागले.

त्या दुपारी माझा तास चालू असताना मुनशीजी जिना चढून वर आले. नव्वद पोरांसमोर दारात उभे राहिले. दम लागला होता, वरचं बटण लावलेलं होतं.

"मास्टर, मी जेलात कधी होतो?"

माझ्या हातात खडू होता. मी तो खाली ठेवला, परत उचलला.

"तुमी वाचून दाखवलं होतं. ती ओळ कुठं होती?"

"सुटली, मुनशीजी."

"सुटली न्हाई. तुमी सोडली." मग जरा थांबून, पोरांना ऐकू न जाईल इतक्या हळू म्हणाले, "मी न बघता दोनदाच सही केली. एकदा तिकडं, एकदा तुमच्या भरोशावर."

पावती परत आणायला आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. मी कारकुनापुढे हात जोडून कबूल केलं की खोटं मी लिहिलं. तो म्हणाला, "सही यांची हाय. अन् पावती आता पुराव्यात गेली. परत मिळत न्हाई."

"मग ठेवून घेतली असं तरी लिवून द्या," मुनशीजी म्हणाले. "अकरा बोटी तुमच्याकडं आल्या म्हणून."

"बाबा, खोट्या प्रकरणातल्या कागदाची पोच देत नसतात."

मुनशीजींनी मान हलवली. नियम त्यांना पटल्यासारखा वाटला, आणि तेच मला बघवलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला क्लास खाली करायला सांगितलं नाही, भाडं वाढवलं नाही, सलाम घेणं थांबवलं नाही. पाहुणे आले की मात्र माझी ओळख करून देत, "हे वर शिकवतात. प्रोफेसर हायेत, म्हणे."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा शहनाज तांदूळ निवडत बसली होती. रिकामा डबा शेजारी होता. मी नेहमीसारखं जास्त बोललो. म्हणालो, मी त्यांच्यावर लिहिणार आहे. सगळं, जसं घडलं तसं. लोकांना खरा माणूस कळला पाहिजे.

तिने मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"लिहा ना, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही लिहिलेलं असणार, तर खाली 'म्हणे' तेवढं घाला."