बुचाला हात कोण लावतं?

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला राहतो आणि आमच्याकडे शिडाची बोट आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे सोसायटीत अजून कोणालाच समजावता आलेलं नाही.

माझा नवरा सुधीर केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. मुंबईला बदली झालेल्या सहकाऱ्याने जाताना ही बोट त्याच्या गळ्यात मारली. (समुद्राकडे निघालेला माणूस बोट दिल्लीत का सोडतोय, हा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. पण मी चुकीच्या माणसावर संशय घेण्यात गुंतले होते.)

तो माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरचे चढ्ढाजी. पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीशेजारी ट्रेलरवर बोट उभी राहिली, तेव्हा त्यांनी हसत विचारलं, "भाभीजी, ये तैरेगी कहाँ?" मला ते हसणं आवडलं नाही.

जुलैत बोटीत पाणी साचायला लागलं. बसायच्या खोलगट जागेत, म्हणजे सुधीरच्या भाषेत कॉकपिटमध्ये, घोटाभर तळं. सुधीरने वर ताडपत्री बांधली. ताडपत्रीला मधोमध पोट आलं, त्यात पाणी भरलं आणि दोरी सुटून सगळं एकदम आत. मग त्याने माझा फरशी पुसायचा वायपर आत उभा करून ताडपत्रीचा तंबू केला. वाऱ्याने तंबू चढ्ढाजींच्या गाडीवर गेला. वायपरही गेला.

अशात डासांच्या अळ्या शोधणारे लोक आले आणि त्यांना आमच्या बोटीत भरपूर सापडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "पुन्हा पाणी दिसलं, तर बोट हटवावी लागेल."

त्या दिवशी ऑफिसातून येताना मी बोटीत डोकावले. मागच्या बाजूला तळाशी चांगलं अंगठ्याएवढं भोक, आणि त्याचं बूच काढून बाकावर ठेवलेलं! बोटीला भोक म्हणजे घातपात, एवढं मलाही कळतं. मी बूच घट्ट बसवलं. दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा बाहेर. मी पुन्हा बसवलं. हे रोजचंच झालं.

शेवटी चहा पिताना मी सुधीरला म्हटलं, "कोणीतरी मुद्दाम आपल्या बुचाला हात लावतंय."

तो कप ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "तुझ्याही लक्षात आलं? मी रोज सकाळी बघतोय."

"चढ्ढाजी."

"बिल्कुल. बोट घालवायचीय त्यांना."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. त्या आनंदात, चढ्ढाजी बूच काढतात की लावतात, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

रात्री पाऊस पडला की सकाळी बोटीत पुन्हा तळं असायचंच. रविवारी मी सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि सेक्रेटरींना म्हटलं, "कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवा. आणि चढ्ढाजींनाही बोलवा." चढ्ढाजी चपला घालून निमूटपणे आले. आम्ही सगळे स्क्रीनसमोर बसलो.

सकाळ. लॅपटॉपची बॅग सांभाळत सुधीर आला, बोटीत वाकला, बूच काढून बाकावर ठेवलं आणि मेट्रोकडे पळाला. संध्याकाळ. भाजीची पिशवी घेऊन मी आले, इकडेतिकडे बघितलं (अगदी चोरासारखं, हे मान्य), बूच बसवलं आणि वरून दोन बुक्क्या मारल्या. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

"तू बूच लावत होतीस?" सुधीर म्हणाला.

"मग भोक उघडं ठेवायचं?"

"अगं, पाणी जायलाच असतं ते! म्हणून तर मी ट्रेलर पुढून विटांवर चढवलाय. पाणी मागे वाहतं आणि भोकातून निघून जातं. बोट जमिनीवर असताना बूच काढायचं, पाण्यात घालताना लावायचं."

"हे तू मला कधी सांगितलंस?"

"मला वाटलं, दिसतंच आहे."

चढ्ढाजींनी घसा खाकरला. "भाभीजी, चोर मिल गया. बल्कि दो मिल गए."

मी माफी मागितली. नुसती माफी पुरेशी वाटेना, म्हणून बोट पाण्यात घालू तेव्हा पहिली फेरी त्यांचीच, असंही बोलून बसले. त्यांनी नको म्हणायचा खूप प्रयत्न केला.

पाऊस सरल्यावर हरियाणात सोहन्याच्या बाजूच्या एका तलावावर आम्ही गेलो. शीड फुगलं, बोट निघाली. चढ्ढाजी हळूच म्हणाले, "जी, मोजे गीले हो रहे हैं."

सुधीरने माझ्याकडे बघितलं. "बूच?"

बूच घरी होतं. कपाटात, दागिन्यांच्या डब्यात. कोणी हात लावू नये म्हणून मीच ते कुलपात ठेवलं होतं.

मग सुधीरचा रुमाल भोकात कोंबून मी त्यावर टाच दाबून बसले, ती थेट काठाला लागेपर्यंत. वारा छान होता, पाण्यावर बगळे होते. चढ्ढाजींनी त्यातलं काहीच बघितलं नाही. ते सगळा वेळ माझ्या टाचेवर नजर ठेवून होते.